मंदीत आमदाराकडं जाऊन मागायचं काय

तुझा प्रश्न मोठा आहे, बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, अकरा वर्षं ठेकेदाराकडून कामाला, ऑर्डरी नाहीत म्हणून गेल्या महिन्यात तोंडी सांगितलं उद्यापासून येऊ नका. आईच्या नावावर महिला गटातलं मायक्रोफायनान्सचं कर्ज, भावाच्या मोटरसायकलचे तीन हप्ते थकलेत, आणि आजीची ठेव पतसंस्थेत अडकून बसलीय. शेजारी म्हणतायत आमदाराकडं जा. तू विचारतोयस की अशा मंदीत आमदार नक्की करतो तरी काय, आणि नुसता चहा पिऊन परत यायचं असेल तर एक दिवसाचा खाडा कशाला करू.

मी एकोणीस वर्षं आमदारांचा पीए होतो. दोन साहेब झाले, दोघांचे पक्ष वेगळे, माझं टेबल मात्र तेच आणि टेबलासमोर येणारी माणसंही तीच. त्यामुळं साहेब काय म्हणतील ते बाजूला ठेवतो आणि टेबलाच्या आतल्या बाजूनं जे बघितलंय ते सांगतो.

पहिली गोष्ट, नोकरीचं शिफारसपत्र मागू नको. तू गेलास की तिथला पोरगा विचारणारच, पत्र पाहिजे काय, कारण पत्र देणं सगळ्यात सोपं असतं, लेटरहेड तयार, मजकूर तयार, नाव बदललं की झालं. २००८ च्या दिवाळीनंतर मी दिवसाला पंचवीस-तीस पत्रं काढायचो. एकदा एका फौंड्रीच्या मालकाकडं दुसऱ्याच कामाला गेलो तर त्यांनी टेबलाचा खण ओढून दाखवला, वरपर्यंत पत्रं, निम्मी आमच्याच साहेबांची, निम्मी विरोधकांची. म्हणाले, "ह्यातल्या सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर मला अजून दोन फौंड्र्या काढायला लागतील, आणि आहे ती तर आठवड्यातनं तीन दिवस चालतीय." त्या दिवसापासून मी पत्र टाइप करताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं सोडून दिलं.

कारण मंदी काय इथं तयार होत नाही. तेव्हा सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली, आम्ही टीव्हीवर बघून म्हणालो आपल्याला काय त्याचं, आणि दोनअडीच महिन्यांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपची शटरं दुपारीच खाली यायला लागली. ट्रक खपेनात, ट्रकच्या कंपन्यांनी उचल थांबवली, की इकडं शिरोली, गोकुळ शिरगावात कास्टिंग तसंच पडून. बाहेर निघालो ते कशामुळं? डिसेंबर २००८ मध्ये केंद्रानं कारखान्यातल्या मालावरचा अबकारी कर ४ टक्क्यांनी उतरवला, जानेवारी २००९ मध्ये शहरांच्या बससाठी पैसे दिले, मार्चपर्यंत ट्रक-बस घेणाऱ्याला ५० टक्के घसारा, म्हणजे कर मोजताना निम्मी किंमत वजा करायची सवलत दिली, तेव्हा हळूहळू गाडी हलली. ह्यातलं एक तरी काम आमदाराच्या हातातलं होतं काय? तसंच २०१९ चं. २०१८ च्या जुलैत ट्रकचा भार वाढवायला परवानगी मिळाली म्हणून नवे ट्रक कमी लागायला लागले, सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाली म्हणून फायनान्स आटला, बीएस-सिक्स हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं, आणि वर ऑगस्टात महापूर, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. आमदार लोकांना बोटीतनं काढत होते, पण ऑर्डर कुठल्या बोटीतनं आणणार.

आणि आमदार फंड म्हणशील तर पाच कोटी असतो वर्षाला, पण तो टिकाऊ कामांसाठी, त्यातनं कुणाचा पगार निघत नाही. म्हणून तर गल्लोगल्ली पेव्हिंग ब्लॉक दिसतात.

मग आमदार बिनकामाचा काय? तसंही नाही. नोकरी जाणं हा पहिला तडाखा, तिथं त्याचं फार चालत नाही. पण त्याच घराला पुढच्या सहा महिन्यांत दुसरा तडाखा बसतो आणि तो माणसांनी मारलेला असतो. ठेकेदार हिशेब देत नाही, वसुलीवाला दारात बसतो, पतसंस्था आज या उद्या या करते, खासगी सावकार आपण होऊन घरी येतो, आणि कुणीतरी 'कॉल लेटर' घेऊन पन्नास हजार मागतो. आमच्या ऑफिसात बेरोजगारीचा अर्ज वेगळ्या फाईलला आणि ग्राहकाची तक्रार वेगळ्या फाईलला लागायची, पण माणूस बहुतेक वेळा एकच असायचा, फक्त चार महिन्यांनी आलेला. तुझ्या घरात तर चारी कागद एकदमच आहेत. ह्या दुसऱ्या तडाख्यात आमदाराचा हात बऱ्यापैकी पोचतो, पण तुला माहीत पाहिजे की तो नेमका कुठं घालायला लावायचा.

वडिलांपासून सुरू करू. त्यांनी कशावर सही केलीय काय ते आज रात्री विचार. मंदीत सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे कोऱ्या कागदावर नाहीतर 'स्वखुशीने राजीनामा' म्हणून सही घेणं, आणि राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागायचा पायाच जातो. सही केली नसेल तर लई चांगलं. कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या त्यातही आहे. बदललं ते वेगळंच, कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागायची ती आता ३०० पासून लागते, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच फौंड्र्या त्यातनं सुटल्या.

ग्रॅच्युइटी वेगळी. हिशेब सोपा आहे, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समज मूळ आणि भत्ता मिळून १४,००० आहे, तर अकरा वर्षांचे ८८,८४६ रुपये होतात. ठेकेदार म्हणणार अकरा वर्षं कुठली, माझ्याकडं तर दोनच वर्षं आहे, कारण दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं, गेट तेच, भट्टी तीच, मुकादम पण तोच. इथं पीएफचं पासबुक कामाला येतं. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर, एकच असतो आणि त्याखाली सगळ्या ठेकेदारांची नावं तारखांसकट ओळीनं दिसतात. ते प्रिंट काढून ठेव. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते हे पण लक्षात ठेव, ठेकेदार पळून गेला म्हणून सगळं संपलं असं होत नाही. आणि पीएफ काढायला गेल्यावर 'डेट ऑफ एक्झिट' टाकलेलीच नाही म्हणून क्लेम अडकतो, कंपनी टाकत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः पोर्टलवर टाकता येते, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये द्यायचे नाहीत.

आता जे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं ते (टक्केवारी माझ्या टेबलापुरती). ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पगारातनं कापत होते काय बघ, पगार २१,००० च्या आत असेल तर कापायलाच पाहिजे. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, १ जुलै २०१८ पासून. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, आधी २५ टक्के होते ते २०२० मध्ये ५० केले. अट अशी की किमान दोन वर्षं विमा असावा आणि नोकरी जायच्या आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, ह्याशिवाय मागच्या एका कालावधीचीही तशीच अट आहे. आयुष्यात एकदाच मिळतं. योजना मुदतवाढीवर चालत आलीय, म्हणून शाखेत जाऊन आज चालू आहे काय ते आधी विचार. २०२० मध्ये आमच्याकडं आलेल्या लोकांना हे सांगितल्यावर निम्म्यांना वाटलं मी काहीतरी थाप मारतोय, सरकार घरी बसल्याचे पैसे देतंय म्हणून.

ह्यात आमदाराचा उपयोग असा. तू एकटा गेलास तर सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तारीख पडेल. पण वडिलांबरोबर काढलेली चाळीस माणसं एकत्र जा आणि साहेबांना सांगा पत्र नको, बैठक लावा. कामगार अधिकारी, कंपनीचा माणूस, ठेकेदार आणि तुम्ही, एका टेबलावर. आणि बैठक झाली की इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं ते लेखी, मागून घ्या, सही-शिक्क्यासकट. इतिवृत्ताशिवायची बैठक म्हणजे वडापाव खाऊन उठायचं. मी असल्या बैठका बघितल्यात जिथं साहेबांनी टेबलावर मूठ आपटली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि सहा महिन्यांनी कुणालाच आठवेना काय ठरलं होतं, कारण लिहिलंच नव्हतं कुणी.

आईचं कर्ज. मायक्रोफायनान्सवाल्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून कडक आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, लागोपाठ दोनदा बाई तिथं आली नाही तरच घरी यायचं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवीन कर्ज द्यायलाच नको होतं. वडिलांचा पगार होता तेव्हा ते बसत असेल, म्हणून आता त्यांना लेखी कळवायचं की उत्पन्न गेलंय, हप्ता कमी करून मुदत वाढवा. लेखी. पोचपावती घेऊन. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, फोन १४४४८.

ह्यात एक अडचण आहे जी नियमात लिहिलेली नसते. गटातल्या बाकीच्या बायका. कंपनीचा माणूस आईला काही बोलत नाही, गटातल्या बायकांना बोलतो, तुमचं पुढचं कर्ज हिच्यामुळं अडलंय म्हणून, मग रात्री आठला दारात शेजारीण उभी. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा कुठला नियम लावणार? इथं मात्र आमदार, नगरसेवक, गल्लीतलं मंडळ ह्यांचा खरा उपयोग होतो. आमच्या दुसऱ्या साहेबांनी एकदा गटातल्या सगळ्या बायकांना एकत्र बसवून कंपनीच्या शाखाधिकाऱ्याला समोर बोलावलं आणि शांतपणे एवढंच विचारलं की एकीचं थकलं म्हणून नवीन कर्ज देणार नाही हे लेखी देता काय. दिलं नाही त्यानं. पण त्या रात्रीपासून दारातली रांग थांबली.

भावाची गाडी. फोनवर धमकी आली तर रेकॉर्ड कर, वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. रस्त्यात अडवून चावी काढून घेणं हा तर निव्वळ दांडगावा आहे, सुप्रीम कोर्टानं २००७ सालीच सांगितलंय की बँकांनी वसुलीला गुंड वापरायचे नाहीत. तावडे हॉटेलजवळ असं झालेली पोरं आमच्याकडं यायची, गाडी गेली, डिकीतला डबा आणि कागद पण गेले. साहेब पोलीस स्टेशनला फोन करायचे आणि गाडी कधीकधी परतही यायची, पण मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या फोननं हप्ता माफ होत नाही, पुढच्या महिन्यात परत तेच. त्यापेक्षा ग्राहक आयोग बरा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो नाहीतर आणि कुठं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत करायची. आधी १९१५ ला फोन करून बघ, बऱ्याच कंपन्या तिथंच मिटवतात.

पण आयोगाला फोन करा असं साहेबांना चुकूनही सांगू नको. ते न्यायासन आहे. तसा फोन गेला तर तुझी चांगली केस बिघडेल. कायद्यात लिहिलंय की साधी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि पद रिकामं असेल तर बेंचच बसत नाही. नेमणुका राज्य सरकार करतं. तर केसबद्दल फोन करण्यापेक्षा ते पद का रिकामं आहे हे विधानसभेत विचारणं आमदाराचं काम, आणि त्याचा फायदा तुझ्यासारख्या शेकड्यांना होतो. हे मागणारा माणूस मी एकोणीस वर्षांत फक्त दोघे बघितले. दोघेही ग्राहक पंचायतीचे म्हातारे, सायकलवर यायचे.

आता आजीची ठेव. इथं मला जरा थांबायला लागतंय.

आमच्या पहिल्या साहेबांनी एका पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन केलं होतं. आमंत्रण मीच स्वीकारलेलं, डायरीत मीच लिहिलेलं, फीत कापताना साहेबांच्या मागं मीच उभा. भाषणात साहेब म्हणाले होते की आपल्या माणसांची संस्था आहे, विश्वासानं पैसे ठेवा. चार वर्षांनी संस्थेला कुलूप. एक बाई आल्या, धुणीभांडी करून साठवलेले सत्तर हजार, त्यांनी पिशवीतनं त्या उद्घाटनाच्या पत्रिकेची घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. पुढं कुठल्याही पतसंस्थेचं आमंत्रण आलं की मी आधी ऑडिटचा वर्ग, म्हणजे हिशेबतपासणीत मिळालेला दर्जा, विचारायला लागलो आणि त्यावरनं चार संचालक नाराज करून घेतले.

लोकांचा पहिला गैरसमज हा की बँकेसारखा इथंही पाच लाखांचा विमा आहे. तो बँकांना आहे, सहकारी बँकांना पण आहे. पतसंस्थेला नाही. त्यामुळं वाट वेगळी. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा, १९९९ चा, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. तो आपल्या विधिमंडळानं केलाय, तेव्हा आमदार काय करतात म्हणणाऱ्याला मी हा दाखवतो. ठेव मुदत संपून परत दिली नाही तर गुन्हा नोंदवता येतो, सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे संस्थेची आणि गरज पडली तर पैसे वळवलेल्या लोकांची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना वाटता येते. मधे हायकोर्टात हा कायदा अडकला होता, नंतर सुप्रीम कोर्टानं वैध ठरवला.

दुसरी वाट सहकार कायद्याची, कलम ८८ ची चौकशी, म्हणजे कुठल्या संचालकामुळं किती नुकसान झालं ते ठरवून त्याच्याकडनं वसूल करणं. ही फाईल जिल्हा उपनिबंधकाकडं असते आणि अशा फाईलींना पाय नसतात, कारण संचालक कुणाचे तरी पाहुणे असतात, आणि खरं बोलायचं तर पुष्कळदा आमदाराचेच कार्यकर्ते असतात. म्हणून आजीच्या कामाला साहेबांकडं जाताना आधी बघ संचालक मंडळात कोण कोण आहे. आपल्याच साहेबांचा माणूस असेल तर शेजारच्या मतदारसंघाच्या नाहीतर विधान परिषदेच्या आमदाराकडं जा, प्रश्न कुणीही विचारू शकतो.

सावकाराचं थोडक्यात, कारण तुमच्याकडं तो अजून आलेला नाही पण येईल. २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना लागतो, शेतकरी सोडून इतरांना तारण असेल तर वर्षाला १५ टक्के, विनातारण १८ टक्के, एवढाच दर ठरवून दिलाय. महिन्याला दहा टक्के म्हणणारा बेकायदा. कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प, घराचा उतारा, काही म्हणजे काही द्यायचं नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं. बेकायदा सावकारानं व्यवहाराच्या नावाखाली बळकावलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंतची असेल तर परत करायचे अधिकार त्या कायद्यात आहेत, हे इचलकरंजी, हातकणंगले भागातल्या लोकांना सांगा.

आणि रेशन. हे क्षुल्लक वाटतं पण पगार थांबलेल्या घरात महिना ह्याच्यावर निघतो. केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळतंच असं नाही, प्राधान्य कुटुंबात नाव पाहिजे, शहरात वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत आणि गावात ४४,००० च्या आत, मग माणशी ५ किलो. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली नावांची मर्यादा, भरलेला असतो, मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी केल्याशिवाय नवीन नाव चढत नाही. ही यादी साफ करायला लावणं आमदाराला सहज जमतं आणि फार कमी आमदार ते करतात, कारण नाव कमी झालेला मतदार ओरडतो, वाढलेला आभार मानत नाही.

आता सभागृहातलं काम, ज्याला तू 'नक्की करतो काय' म्हणतोस. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, ही सरकारला जाब विचारायची हत्यारं. उत्तरं वाचलीस तर हसशील. "हे खरे आहे काय?" "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, विलंबाची कारणे काय?" "प्रश्न उद्भवत नाही." लोकांना वाटतं त्यात काय राम आहे. पण प्रश्नाचा खरा उपयोग उत्तराच्या आधी होतो. आम्ही एकदा सावकारीच्या तक्रारींवर प्रश्न लावला होता, किती आल्या, किती निकाली, किती प्रलंबित. प्रश्न स्वीकृत झाला की मंत्रालयातनं माहिती मागवतात, मग जिल्ह्यातनं तालुक्याला फोन, आणि दीड वर्ष धूळ खात पडलेल्या फाईली आठ दिवसांत टेबलावर, कारण आकडा लेखी द्यायचा असतो आणि खोटा दिला तर अंगाशी येतं. मंत्री काय बोलले ते मला आता आठवत पण नाही, तीन घरांची कामं मात्र त्या आठवड्यात झाली. आणि मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं की ते आश्वासन समितीच्या यादीत जातं, तिथं पाठपुरावा करणारा आमदार पाहिजे. त्या समितीवर जायला कुणी भांडत नाही, तिथं कॅमेरा नसतो.

मोठं काम पण झालेलं आहे ह्याच सभागृहातनं. वि. स. पागे, आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी लावून धरली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर वापरली गेली आणि १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं. पैसे कुठनं आणायचे तर १९७५ ला व्यवसाय कर बसवला, पगारदार शहरी माणसाकडनं घ्यायचा आणि खेड्यातल्या कामाला द्यायचा. तत्त्व चांगलंच होतं. पण आता तुझ्या वडिलांची पगार स्लिप काढून बघ. दहा हजारांच्या वर पगार असेल तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. अकरा वर्षांत २७,५०० रुपये ह्या माणसानं दुसऱ्याच्या रोजगाराच्या हमीसाठी भरले, आणि त्याची स्वतःची भट्टी थंड झाली तेव्हा त्याला हमी कुठली? तो राहतो शहरात, हमी गावाकडची, आणि दहा-पंधरा वर्षं मोल्डिंग केलेल्या माणसाला खड्डे काढायला लावून काय मिळणार.

मला विचारशील तर मंदीत आमदारानं लावून धरायची मागणी ही आहे, की ह्याच करातला काही भाग औद्योगिक वसाहतींमधल्या काढलेल्या कामगारांसाठी ठेवा, तीन-चार महिने निम्मा पगार आणि त्याच काळात आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, नाहीतर दुसरं काही शिकवा. मंत्री नसलेल्या आमदाराला अशासकीय विधेयक आणता येतं, पण सरकारी तिजोरीतनं खर्च असेल तर राज्यपालांची शिफारस लागते म्हणून ते चर्चेपुरतंच राहतं बहुतेक. तरी चर्चा तर होऊ दे. मी दोन्ही साहेबांना टिपण करून दिलं होतं. पहिल्यांनी वाचलं, चांगलंय म्हणाले, दुसऱ्यांनी वाचलं नाही पण भाषणात दोन वाक्यं घेतली. त्याऐवजी रोजगार मेळावे झाले, मोठा मांडव, चाळीस कंपन्या, हजारो अर्ज, आणि त्या कंपन्यांना पाहिजे होते हेल्पर, सहा महिन्यांच्या बोलीवर.

तर आता तू काय करायचंस. एका कागदावर चारी विषय वेगवेगळे लिही, एकात कालवू नको, प्रत्येकाला आपली तारीख, आपली रक्कम, कुणाला काय लेखी दिलं आणि पोच कधीची. चार अर्ज, चार झेरॉक्स संच. वडिलांच्या अर्जावर बाकीच्या कामगारांच्या सह्या आण. आजीच्या अर्जाबरोबर त्याच संस्थेतल्या आणखी दहा-पंधरा ठेवीदारांना घे, एकट्या म्हातारीला बसवून ठेवतात. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ, "आम्हाला शिफारसपत्र नको, खालील बैठक लावावी" किंवा "खालील प्रश्न अधिवेशनात विचारावा", आणि प्रश्न तूच तयार करून दे, पीएचं काम वाचतं, मी होतो म्हणून सांगतो. पीएनं कच्च्या वहीत नोंद केली तर आवक नंबर माग, देत नसेल तर मेल कर.

अधिवेशन चालू असेल तर मधल्या वारी जाऊ नको. साहेब शुक्रवारी रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघतात नाहीतर गाडीनं येतात, शनिवारी सकाळी साडेआठ-नऊला माणूस झोपेतनं नुकताच उठलेला असतो आणि कार्यकर्ते अजून आलेले नसतात, ती वेळ धर. आणि आजीची ओरिजिनल ठेवपावती कुणाच्याही हातात देऊ नको, आमच्यासारख्यांच्या पण नाही, दोन जणांच्या पावत्या माझ्याच टेबलावरनं गहाळ झाल्या होत्या आणि त्या शोधण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला.